तेंदूचे पुंजके: मूळ मोजू की खोड? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नागपूरला एम.एस्सी. करतेय, वनस्पतिशास्त्र. काटोल रोडकडच्या एका जंगलात १ हेक्टरचा तुकडा आखलाय, प्रत्येक झाडाची जागा टेपने घेतलीय. साग, ऐन, धावडा, लेंडिया, तेंदू, पळस, थोडे मोह. जंगल म्हणायचं एवढंच. कुऱ्हाडीचे खुंट, गुरांच्या वाटा, उन्हाळ्यात वणवा आणि ऊन पडेल तिथे रायमुनिया (घाणेरी).

क्लार्क-इव्हान्स निर्देशांक काढला, म्हणजे सर्वांत जवळच्या शेजाऱ्याच्या अंतरावरून झाडं कशी पसरलीत ते बघणारा आकडा. तेंदू आणि पळस १ च्या बरेच खाली, म्हणजे पुंजक्यांनी. साग १ च्या आसपास, म्हणजे कसाही विखुरलेला. सर म्हणाले, "समूहित लिही आणि मोकळी हो." पण परवा तेंदूच्या तीन रोपांखालची माती उकरली, तर तिन्ही अंगठ्याएवढ्या जाड एकाच आडव्या मुळावर! मी ती तीन झाडं धरली होती. सागाचे एका खुंटावरचे फुटवे मात्र एकच धरलेत. मग तेंदूला वेगळा न्याय का?

आणखी एक. एका कोपऱ्यात काळी माती आहे, पावसाळ्यात पाणी तुंबतं. पळस जवळजवळ सगळा तिथेच. बाकी मुरमाड चढ. अशा ठिकाणी रिप्लीचा के (प्रत्येक झाडापासून वेगवेगळ्या अंतरांत किती शेजारी आहेत ते बघणारं माप) चालेल का?

प्रतिसाद १
क्लार्क-इव्हान्स फक्त सर्वांत जवळचा शेजारी बघतो. तेंदूचा शेजारी बहुतेक वेळा त्याच मुळावरचा, मग आकडा खालीच येणार. सगळी मुळं उकरत बसू नका. के काढा, मुळांचे पुंजके पहिल्या काही मीटरांतच दिसतील. बाजू १०० मीटर असेल तर २५ मीटरच्या पुढे वाचू नका, कडेची दुरुस्तीही लावा (कडेच्या झाडांचे तुकड्याबाहेरचे शेजारी मोजलेले नसतात म्हणून). पळसाला साधा के लावलात तर तो मातीचा फरकच पुंजका म्हणून दाखवेल. घनता जागेनुसार बदलते असं धरणारा के आर (R) मधल्या स्पॅटस्टॅट पॅकेजमध्ये आहे, तो घ्या.

प्रतिसाद २
ताई, तिथं तेंदूपत्ता तोडतात का ते आधी विचारा. पत्त्यासाठी झुडपं छाटली की मुळावरून फुटवे जोरात येतात, वणव्यानंतरही तसंच. मोहाखाली बारकी रोपं दिसली का? फुलं वेचायला लोक खालचा पाला जाळतात, त्यात रोपंही जातात.

धागाकर्ती
मोहाखाली एकही रोप नव्हतं! मी जमीन खराब म्हणून लिहून ठेवलं होतं. पत्त्याचं गावात विचारते. आणि घनता बदलणाऱ्या के साठी किती मीटरचा पट्टा (बँडविड्थ, म्हणजे किती अंतरावर घनतेची सरासरी घ्यायची ते) धरायचा? १० धरला तर पळसाचा पुंजकाच गायब होतोय.