बीडची गन चालू आहे का?

शनिवार, रात्री ९:०५

पाटील ए-१०३: नमस्कार मंडळी. पुढच्या शुक्रवारी मेहुणीच्या लग्नाला संभाजीनगरला निघालोय. नवी इलेक्ट्रिक गाडीच न्यावी म्हणतोय. घरचे म्हणलालेत, वाटेत बंद पडली तर वरातीत आपलीच वरात. अंबाजोगाई–केज–बीड मार्गे कोणी गेलंय का? बीडला पंपावर चार्जिंगची गन, म्हणजे गाडीत खोचायचा चार्जरचा प्लग, आहे म्हणे. बीडची गन चालू आहे का?

सागर डी-४०१: चार्जिंगच्या ॲपवर हिरवं दिसतंय दादा. बिनधास्त जा.

जाधव काका सी-००१: हिरव्यावर जाऊ नका. पंपावरची लाइट गेलेली ॲपला दोन-दोन तास कळत नाही. थांबा, वही बघतो.

गायकवाड वहिनी बी-१०१: उद्या पाणी किती वाजता सोडणार?

सेक्रेटरी: ६:३०. वहिनी, कृपया चालू विषयाला धरून 🙏

गायकवाड वहिनी बी-१०१: पाणी हा लातूरात नेहमीच चालू विषय असतो.

जाधव काका सी-००१: सापडली वही. पाटील, लिहून घ्या. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो तेव्हा गाडी आली-गेली लिहायचो, ती खोड अजून गेली नाही. पोराच्या गाडीत बसून जिथं जिथं चार्जिंगला थांबलो तो प्रत्येक थांबा लिहिलाय. आजवर ४१ झाले. रकाने असे: तारीख, ठिकाण, गन चालू का बंद, बोर्डावर किती किलोवॅट (म्हणजे वीज भरायचा वेग) आणि हातात किती मिळाले, रात्री माणूस असतो का, संडास, चहा.
बोर्डावर ६० लिहिलेलं असतं. शेजारच्या गनला दुसरी गाडी लागली की तुम्हाला ३०. ॲपमध्ये हे कोणी सांगत नाही, वहीत आहे.

जाधव काका सी-००१: आणि शोरूमच्या आवारातला चार्जर थांब्यात धरू नका. रविवारी शटर खाली. इतर दिवशी दुसऱ्या कंपनीची गाडी दिसली की लगेच "सर्व्हर डाऊन".

पाटील ए-१०३: मग बीडचं काय काका?

जाधव काका सी-००१: बीडला तीन लिहिलेत. मागच्या महिन्यात दोन चालू होते, एकाची गन गाडीत अडकून बसत होती. पण एकट्या बीडवर गाडी सोडायची नाही. आमच्याकडं एका आगारात डिझेल नसलं तर पुढच्या आगारापर्यंत जाईल एवढं टाकीत ठेवायचो, तसंच. बीडला पोचताना अजून ६०–७० किलोमीटर जाता येईल एवढी बॅटरी शिल्लक पाहिजे. गेवराईकडं सरका नाही तर मागं फिरा, ते तिथं ठरवा.

शुभांगीताई बी-३०४: पाटील, बॅटरी किती युनिटची आहे तुमची?

पाटील ए-१०३: ४५. कंपनी म्हणते ४०० च्या वर जाते.

शुभांगीताई बी-३०४: ते घरी सांगू नका, नंतर ऐकून घ्यावं लागतं. माझी काकांसारखी वही नाही, पण डोक्यात हिशोब पक्का आहे. ८०–८५ च्या वेगात, एसी लावून, चार माणसं आणि लग्नाच्या बॅगा धरून युनिटला साडेसहा किलोमीटर. १०० च्या वर पळवली की साडेपाच. लातूर ते बीड साधारण १४५, म्हणजे निम्मी बॅटरी संपेल. जाताना मांजरसुंब्याचा घाट उतार आहे, ब्रेकमधून थोडी परत भरते. येताना तोच घाट चढ आहे, तेवढं लक्षात ठेवा.
बीडला ५० टक्के असताना लावा आणि ८० ला काढा. ३० च्या गनवर अर्धा तास. ८० च्या पुढं गाडी स्वतःच करंट कमी घेते, मग आपण नुसतेच पंपावर उभे. बिल म्हणाल तर मला २२ रुपये युनिट पडलं होतं, त्यावर १८ टक्के जीएसटी.

सागर डी-४०१: ताई, ॲप कोणतं?

शुभांगीताई बी-३०४: एक असतं तर काय हवं होतं! माझ्या मोबाइलमध्ये सहा आहेत आणि प्रत्येकात दोनशे-तीनशे रुपये अडकलेत. महावितरणचं पॉवरअप आणि बीडच्या गनचं जे असेल ते, ही दोन तरी घरच्या वायफायवर उतरवून, पैसे भरून ठेवा. पंपावर उन्हात उभं राहून ओटीपीची वाट बघण्यात आमचं एकदा भांडण झालंय. नवरा-बायकोचं, पंपवाल्याशी नाही.

पाटील ए-१०३: 😄 आणि कार्यालयात रात्री लावली तर?

शुभांगीताई बी-३०४: १५ अँपियरचा सॉकेट असेल तर चालतं. ताशी तीन युनिटच्या आसपास, रात्रीतून २८–३०. पण मंडपवाल्याच्या एक्स्टेन्शन बोर्डवर अजिबात नको. वायर तापते.

जाधव काका सी-००१: अर्थिंग पण बघा. गेल्या मे महिन्यात केजला व्याह्यांच्या शेतावर गाडी लावली तर चार्जरवर लाल दिवा. पोरगं म्हणलं चार्जर गेला. म्हणलं, गेला नाही, जमीन वाळलीय. घरामागं अर्थिंगचा खड्डा होता, मीठ-कोळसा घातलेला, पण उन्हाळ्यात सगळा कोरडाठाक. दोन बादल्या पाणी ओतलं, दहा मिनिटं थांबलो, दिवा हिरवा. व्याही म्हणले, तुमची गाडी पाणी पिती का काय!

गायकवाड वहिनी बी-१०१: बघा सेक्रेटरीसाहेब, इथंही पाणीच लागलं.

रात्री ९:३२

शेखभाई डी-२०२: चार्जिंगचं झालं असेल तर एक विचारू? पाटीलसाहेब, गाडीत स्टेपनी आहे का?

पाटील ए-१०३: असणारच की.

शेखभाई डी-२०२: डिकीतला गालिचा उचलून बघा.

पाटील ए-१०३: उद्या बघतो.

शेखभाई डी-२०२: आत्ता बघा. माझं टायरचं दुकान आहे म्हणून सांगू लालो.

रात्री ९:४४

पाटील ए-१०३: नाहीये!! एक छोटा पंप आहे आणि एक बाटली. बाटलीवर काहीतरी बारीक लिहिलंय.

शेखभाई डी-२०२: तेच. बाटलीत पंक्चर बुजवायचं औषध असतं. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत कंपनी आता स्टेपनी देत नाही. वजन आणि जागा वाचते, कंपनीचा खर्च वाचतो, आपली रात्र जाते.

शुभांगीताई बी-३०४: मी हे सांगणारच होते. चार्जिंगपायी आमचं आजवर कुठं अडलं नाही. अडलं ते टायरनं.
जानेवारीत संभाजीनगरहून येत होतो. नेकनूर सोडलं, केजकडं निघालो, पावणेसात वाजलेले. ऊसतोडीचा हंगाम. पुढं बैलगाड्या, त्यांच्या पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही की चमकणारी पट्टी नाही (याबद्दल मी वेगळं लिहिणार आहे). स्क्रीनवर टायरची हवा दिसते, चारही ३४ असतात. मागचं डावं २९ झालं. हे म्हणाले, सेन्सर असेल. पाच मिनिटांत २४. टपरीच्या उजेडात गाडी बाजूला घेतली, मोबाइलचा टॉर्च लावून टायरवर हात फिरवला तर चपट्या डोक्याचा खिळा. बैलाच्या पत्रीचा, म्हणजे खुराच्या नालाचा! टपरीवाल्यानं बघताक्षणी ओळखला.

पाटील ए-१०३: मग बाटली मारली?

शुभांगीताई बी-३०४: नाही. ह्यांनी पक्कड काढली होती खिळा उपटायला, मी हात धरला. खिळा आहे तोवर तोच बूच असतो. आधी नुसता पंप लावला, गाडीतल्या सिगारेट लायटरच्या भोकात. ३६ पर्यंत भरली आणि घड्याळ लावून चहा घेतला. दहा मिनिटांत ३४. म्हणजे गळती मिनिटाला काट्यावर दिसण्याइतकी नाही. ४०–५० च्या वेगानं निघालो, मध्ये एकदा थांबून परत भरली आणि केज गाठलं.
केजच्या पंक्चरवाल्यानं मोठा जॅक ओढत आणला आणि थेट गाडीच्या पोटाखाली सरकवला. मी ओरडलेच. खाली सगळी बॅटरी आहे! दाराखालच्या पट्टीत जॅकची खाच असते, ती दाखवली. तो म्हणाला, "ताई, मी वीस वर्षं गाड्या उचलू लालोय." म्हटलं, उचला भाऊ, पण ह्या खाचेतनं. मग मुकाट्यानं उचलली. खिळा काढला, भोक कानशीनं घासलं, रबरी दोरी ठोकली, साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का बघितलं. दीडशे रुपये. खिळा मी मागून घेतला, अजून गाडीच्या कप्प्यात आहे.

शेखभाई डी-२०२: ताई, एक नंबर. बाटली आधी मारली असती तर तो पंक्चरवाला तुम्हालाच शिव्या देत बसला असता. आतून सगळा डिंक होतो, पुसून काढायला अर्धा तास जातो, व्हॉल्व्हच्या सेन्सरलाही चिकटतो.
पाटीलसाहेब, बाटलीचं गणित असं. टायर जिथं रस्त्याला टेकतं तिथलं बारीक भोक बुजतं, पाच-सहा मिलिमीटरपर्यंत. बाजूची भिंत फाटली तर बाटलीही नाही आणि दोरीही नाही. मारलीच तर ८० च्या आत चालवत पहिल्या दुकानात जायचं आणि त्याला आधीच सांगायचं की आत औषध घातलंय. बाटलीवर मुदतीची तारीख असते, ती आजच वाचा.

पाटील ए-१०३: स्टेपनी विकत घेऊन टाकू का?

शेखभाई डी-२०२: लांबचं जाणं नेहमीचं असेल तर घ्या. लोखंडी रिमवर, गोल बाहेरून तुमच्या चाकाएवढाच पाहिजे. नटबोल्ट जुळतात का ते माझ्याकडं बसवून बघू. जॅक आणि पाना वेगळा घ्यावा लागेल. अर्धी डिकी जाईल आणि ते चाक पट्ट्यानं बांधा, नाही तर ब्रेकला तेच पुढं येतं.

गायकवाड वहिनी बी-१०१: मग आहेराच्या साड्या कुठं ठेवायच्या त्यांनी?

शेखभाई डी-२०२: वहिनी, सासुरवाडीला जाऊ लालेत, साड्या घेऊन येतील की.

सेक्रेटरी: 🙏🙏

रात्री १०:१०

देशपांडे आजोबा ए-००२: *अत्यंत महत्त्वाचे! सर्वांना पाठवा!* टायरमध्ये फक्त नायट्रोजन भरा. नायट्रोजन भरलेला टायर *कधीच* फुटत नाही!!!

शेखभाई डी-२०२: आजोबा, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. नायट्रोजन भरला तर वाईट नाही, पण टायर फुटतो तो कमी हवेनं, जुन्या रबरानं, जास्त वजनानं आणि वेगानं. पंधरा दिवसाला हवा तपासली तर साधी हवा पुरते.

सागर डी-४०१: कमी हवेनं? जास्त हवेनं ना?

शेखभाई डी-२०२: कमी हवेनं टायरची बाजू सारखी दुमडते-उलगडते, तिथं गरमी धरते आणि तिथंच फाटते. म्हणून उन्हात चालवून आल्यावर आकडा ३८ दिसला तर घाबरून हवा सोडायची नाही. हवा सकाळी, गाडी थंड असताना मोजायची. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. पंपावरचा पोरगा "गाडी जड हाय" म्हणून ४० मारतो, त्याचं ऐकू नका.

पाटील ए-१०३: लग्नानंतर समृद्धीवरून शिर्डीलाही जायचंय.

शेखभाई डी-२०२: तिथं तर नक्की तपासा. सिमेंटचा सरळ रस्ता, १२० ची मर्यादा, तासभर एकसारखा वेग, टायरला गार व्हायला उसंत नाही. आणि टायरवर चार आकडे असतात ते वाचा. २३२१ असेल तर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यातला. नव्या गाडीला जुना टायर लागलाय का ते कळतं.

शुभांगीताई बी-३०४: समृद्धीवर इलेक्ट्रिक गाडीला टोलमाफी आहे, राज्याच्या २०२५ च्या धोरणात. तरी फास्टॅगचे मेसेज बघत राहा.

जाधव काका सी-००१: अगदीच अडलं तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ लावा. आणि गाडी न्यायची वेळ आली तर चारही चाकं वर घेणारी, सपाट फळीची गाडी मागा. दोरी बांधून ओढू द्यायची नाही. चाक फिरलं की मोटार फिरती आणि वीज तयार करती, मग आत काय जळंल सांगता येत नाही.

सागर डी-४०१: एवढं सगळं असेल तर पेट्रोलचीच बरी नाही का?

शुभांगीताई बी-३०४: पेट्रोलच्या गाडीला बैलाचा खिळा लागत नाही वाटतं?

सेक्रेटरी: विषय निघालाच आहे तर: पार्किंगच्या कॉमन मीटरवरून कोणी गाडी चार्ज करू नये. महावितरणकडून स्वतःचं वेगळं ईव्ही मीटर घ्यावं. बाकी चर्चा मिटिंगमध्ये.

पाटील ए-१०३: मी एकदाच लावली होती साहेब, गाडी आली त्या दिवशी.

सेक्रेटरी: सीसीटीव्हीत तीनदा दिसतंय.

पाटील ए-१०३: हा मेसेज हटवला गेला

शुक्रवार, सकाळी १०:२०

पाटील ए-१०३: बीडला पोचलो मंडळी. ५३ टक्के शिल्लक. शेखभाईंनी दिलेली स्टेपनी डिकीत, साड्या बायकोच्या मांडीवर.

जाधव काका सी-००१: गन?

पाटील ए-१०३: एक नंबर बंद, स्क्रीनच काळी. दोन नंबर चालू. बोर्डावर ३०, मिळाले २४.

जाधव काका सी-००१: थांबा, पेन घेतो. माणूस आहे का?

पाटील ए-१०३: आहे, पण तो म्हणतो हे मशीन आमचं नाही.

जाधव काका सी-००१: चहा?

पाटील ए-१०३: पाणचट.

जाधव काका सी-००१: संडास?

पाटील ए-१०३: कुलूप आहे काका. घरचे वैतागलेत.

जाधव काका सी-००१: मार्चमध्येही होतं. ऑइलचे डबे ठेवतात त्या खोलीत, दारामागच्या खिळ्याला किल्ली आहे.

पाटील ए-१०३: मिळाली!