मदत हवी आहे : ध्यान करूनही रात्रीचं खाणं आवरत नाही

घाईत_आहे
नमस्कार. मला बिंज इटिंगचा त्रास आहे. माइंडफुलनेसचं ध्यान सुरू केलंय, ॲप लावून, रोज सकाळी, न चुकता. रात्री जे व्हायचं ते होतंच. एकदा हात डब्यात गेला की डबा संपेपर्यंत बाहेर येत नाही. तेव्हा 'श्वासाकडे लक्ष द्या' आठवत नाही, आणि आठवलंच तर डोकं फिरतं. कुणाला याने खरंच फरक पडलाय का? पडला असेल तर नेमकं काय केलंत? 'मन घट्ट करा', 'पाणी प्या', 'फेरी मारून या' हे कृपया नको, सगळं करून झालंय. जरा लवकर सांगा.

तिरकस
रात्री म्हणजे किती वाजता? दिवसभर काय खाता? कुठल्या गोळ्या चालू आहेत? यातलं अवाक्षरही लिहिलेलं नाही.

कोरा_कागद
हल्ली दोन बिस्किटं जास्त खाल्ली तरी लोक बिंज म्हणतात. राग नसावा.

भिंगरी
@कोरा_कागद, २०१३ साली डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, हा स्वतंत्र आजार म्हणून आला. थोड्या वेळात खूप खाणं आणि 'आता थांबता येत नाही' ही भावना, आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने. भूक नसताना, भराभर, पोट दुखेपर्यंत, कुणी बघू नये म्हणून एकट्याने खाणं, नंतर स्वतःची किळस येणं ही त्याची लक्षणं. बिस्किटं मोजून ठरत नाही ते.
धागाकर्तीला एक विचारते, उत्तर व्यनितून (खाजगी निरोपातून) दिलंत तरी चालेल. खाल्ल्यावर उलटी काढणं, जुलाबाची औषधं घेणं असं काही आहे का? असेल तर इथे वेळ घालवू नका, आधी डॉक्टर. त्यात पोटॅशियम घसरून हृदयावर बेतू शकतं.

घाईत_आहे
उलट्या वगैरे काही नाही. साधारण दहानंतर होतं. माझा प्रश्न ध्यानाबद्दल आहे.

केटोवीर
कार्ब बंद करा, क्रेव्हिंगच जाईल. मी केलं, संपला विषय.

आनापान
ॲपवर होतं त्याला ध्यान म्हणत नाहीत. कानात कुणीतरी गोड आवाजात बोलतंय आणि आपण डोळे मिटून बसलोय, एवढंच ते. विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करा. संवेदना उठते आणि जाते हे एकदा शरीरावर अनुभवलं की खाण्याची ओढही तशीच जाताना दिसते.

भिंगरी
त्या शिबिरात संध्याकाळचं जेवण नसतं, नव्या साधकांना चहा आणि फळं मिळतात. खाण्याचा आजार ऐन भरात असलेल्या माणसाला हे सुचवताय? अर्जात मानसिक त्रासाबद्दल विचारतात ते उगाच नाही.

आनापान
तुम्ही केलंय का शिबिर? न करता बोलणारे खूप भेटतात.

भिंगरी
केलंय. म्हणूनच बोलतेय.

मांडीदुखी
जाता जाता, ध्यानाला बसताना पायाला मुंग्या येत असतील तर बूड थोडं उंचावर ठेवा, गुडघे कमरेच्या खाली राहिले पाहिजेत. मला याचा फार उपयोग झाला.

तिरकस
झालं, धागा भरकटला. ताई, दिवसभराचं खाणं?

घाईत_आहे
दुपारी दोनपर्यंत काही नाही, १६:८ चालू आहे, म्हणजे सोळा तास उपास आणि आठ तासांत खाणं. ते तर हल्ली सगळेच करतात. दोनला सॅलड आणि सूप, मग संध्याकाळी हलकं काहीतरी. त्याचा इथे काय संबंध?

गोगलगाय
सगळा संबंध तिथेच आहे! मी यातून गेलेय म्हणून जरा लांबण लावते.
माझ्या थेरपिस्टने ध्यानाचं नावही काढलं नाही सुरुवातीला. ऑक्सफर्डच्या फेअरबर्न यांच्या सीबीटीतलं (विचार आणि वागणं बदलण्याच्या उपचारातलं) पहिलं काम दिलं : वेळेवर खाणं. तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडं काही, आणि साधारण चार तासांपेक्षा मोठी फट नाही. दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री वसुली करतं, त्यापुढे श्वास काय करणार?
ध्यान नंतर आलं, तेही वेगळं. जीन क्रिस्टेलर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बिंजसाठीच एमबी-ईट नावाचा कार्यक्रम बांधला. त्यात नुसता श्वास नाही. भूक किती, पोट किती भरलं, चव अजून लागतेय का, हे एकेक वेगळं पाहायला शिकवतात. सुरुवात बेदाण्यांपासून. एक उचलायचा, सुरकुत्या बघायच्या, जिभेवर नुसता ठेवायचा, मग एकदाच दात लावायचा. मला हसू आलं होतं. पण चौथ्या बेदाण्याला लक्षात आलं की गोडी पहिल्याइतकी राहिलेली नाही. डब्यातून खाताना हे कधी कळलंच नव्हतं. तिथे चव दुसऱ्या-तिसऱ्या घासालाच संपलेली असायची, पुढे नुसतं चावणं. मग मी उभ्याने खाणं सोडलं. खायचं तर खायचं, पण ताटलीत काढून, बसून. निम्म्या वेळा तरीही सगळं संपायचं, तेही सांगते.

कोरा_कागद
या एमबी-ईटला पुरावा काय?

गोगलगाय
१९९९ चा पहिला अभ्यास छोटा, १८ बायका, तुलनेला दुसरा गट नाही. २०१४ मध्ये मोठी चाचणी झाली, १५० जणांची. नुसत्या प्रतीक्षायादीत असलेल्यांपेक्षा ध्यानवाल्यांचं बिंज बरंच कमी झालं. पण सीबीटीच्या धर्तीवर माहिती-प्रशिक्षण घेतलेल्या गटाचंही कमी झालं. म्हणजे ध्यानाशिवाय अडतं असं नाही. नाइस या ब्रिटनच्या आरोग्य-मार्गदर्शन संस्थेची २०१७ ची मार्गदर्शिकाही आधी सीबीटीवर आधारित, मार्गदर्शनासह स्वयंमदत द्या म्हणते.

आनापान
म्हणजे शेवटी ध्यानाचा फायदा झालाच ना.

भिंगरी
ऐन ओढीच्या वेळी काय करायचं ते राहिलंच. व्यसनमुक्तीत मार्लॅट या मानसशास्त्रज्ञांनी 'अर्ज सर्फिंग' (इंग्रजी urge, म्हणजे ओढ) आणलं. ओढ लाटेसारखी चढते, शिखरावर जाते, ओसरते. तिला दाबायचं नाही, शरीरात कुठे जाणवतेय ते बघत राहायचं : जबडा, घसा, छाती. पण शिकायचं बारीकसारीक ओढीवर. फोन हातात घ्यावासा वाटला, तिथे करून बघा. पहिल्यांदाच रात्री दहाला डब्यासमोर केलंत तर चिडचिडच होणार, तुम्हाला होतेय तशी.

केटोवीर
तीन जेवणं आणि वर खाणं?? इन्सुलिन बघा एकदा.

घाईत_आहे
१६:८ सोडलं तर वजन वाढेल, हे कुणी बोलत नाहीये. आणि सकाळी मला भूकच नसते.

गोगलगाय
रात्री डबा संपवल्यावर सकाळी भूक कुठून असणार? तरी वेळ झाली की थोडं खायचं. माझ्या भुकेला ताळ्यावर यायला बरेच आठवडे लागले. वजनाचं मात्र खात्रीने कुणीच सांगू शकत नाही. मला ते प्रकरण बाजूला ठेवायला सांगितलं होतं. आधी बिंज, मग वजन.

तिरकस
गोळ्या, ताई. दुसऱ्यांदा विचारतोय.

घाईत_आहे
झोपेसाठी एक आहे फक्त, रात्री साडेनऊला. थांबा, पाकीट बघते. मिर्टाझपिन. का?

तिरकस
तिने भूक वाढते, हा तिचा माहीत असलेला परिणाम आहे. खाणं आधीपासून होतं की गोळीनंतर?

घाईत_आहे
आधीपासूनच. पण गोळीनंतर वाढलं असावं. नक्की नाही सांगता येत. आजपासून बंद करू का?

भिंगरी
नाही! मनाने बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना उद्या फोन करा, आणि बिंजचंही सांगा. सांगितलंय का त्यांना?

घाईत_आहे
नाही. त्यांनी विचारलं नाही.