कार्डचं कर्ज: चहा-मटण बंद करून फिटतंय काय?

उद्यमबाग_फिटर
मंडळी, लाज गुंडाळून सांगतो. दोन क्रेडिट कार्डं मिळून 1 लाख 58 हजार अंगावर आहेत. मी फौंड्रीत कामाला, हातात पगार 31 हजार. सुरुवात वडिलांच्या ऑपरेशनपासून झाली, 70 हजार एकदम स्वाइप केले आणि नंतर नुसतं मिनिमम भरत राहिलो, मग गणपतीत फ्रिज, मग पावसात मागची भिंत खचली ती बांधली, आणि बाकीचं कशात गेलं ते खरंच आठवत नाही. एक कार्ड रुपेचं, ते फोनमध्ये यूपीआयला जोडलंय, त्यामुळं चहाच्या गाड्यावर स्कॅन केलं तरी कार्डावर. परवा स्टेटमेंट काढून बघितलं तर 20, 20, 45, 20, 60 अशा दोन पानं भरून ओळी.

आता ठरवलंय. चहा-नाष्टा बाहेरचा बंद (1,500), रविवारचं मटण महिन्यातनं एकदाच (1,200 वाचतात), हॉटेल बंद (700), बायकोची भिशी बंद (1,000), तिचं साडी-पार्लर वगैरे (600), ओटीटी आणि जादा रिचार्ज (400). 5,400 सुटतात. सध्या दोन्ही कार्डांना मिळून 9 हजार भरूलालोय, ते 14,400 होतील. मित्र म्हणतोय बायकोचं सोनं गहाण ठेव आणि मोकळा हो. मला पटत नाही. सोन्याला हात लावायचा नाही, पोटाला चिमटा काढून फेडायचं. तुमचं काय मत?

टिळकवाडी_हिशेब
भावा, राग मानू नको पण तू चुकीच्या ठिकाणी कात्री लावूलालास. व्याज किती लागतंय ते लिहिलंच नाहीस. कार्डाचा दर बहुतेक महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के असतोय, म्हणजे वर्षाला 42-45, आणि त्या व्याजावर परत 18 टक्के जीएसटी. तुझ्या 1 लाख 58 हजारावर महिन्याला साडेसहा हजारच्या वर नुसतं व्याज आणि टॅक्स जातोय. 9 हजार भरतोस त्यातले दोन-सव्वादोन हजारच मुद्दलाला लागतात. बादलीला भोक आहे आणि तू नळ जोरात सोडायचा विचार करूलालास.

मी बसून हिशेब काढला, दर 3.6 धरून. 9 हजारच भरत राहिलास तर 33 महिने, एकूण जवळजवळ 2 लाख 96 हजार. तुझी कात्री लावून 14,400 भरलेस तर 15 महिन्यांच्या थोडं वर, 2 लाख 17 हजार. आता सोनं ठेवून 10 टक्क्यानं कर्ज काढलंस आणि कार्डं शून्य केलीस, तर चहा न सोडता, मटण न सोडता, तेच 9 हजार भरून 19 महिन्यांत मोकळा, एकूण 1 लाख 71 हजार. म्हणजे उपाशी राहून व्याज 59 हजार, जेवूनखावून 13 हजार. आता तूच सांग.

निपाणीकर
हिशेब कागदावर लई गोड दिसतोय. आमच्या मेव्हण्यानं हेच केलं. सोनं ठेवलं, कार्ड झिरो केलं, घरी पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. झिरो झालं म्हणजे लिमिट परत सगळं मोकळं झालं की! सहा महिन्यांत कार्ड परत 80 हजारावर आणि सोन्याचं व्याज वेगळं. शेवटी पाटल्या सोडवायला शेताचा तुकडा गेला. ज्याला 20 रुपयाचा चहा कार्डावर प्यायची सवय लागलीय त्याला आधी सवय मोडू दे. फिटरभावा, तू बरोबर आहेस, काप खर्च. चार महिने कडक राहा, जीव जात नाही.

टिळकवाडी_हिशेब
@निपाणीकर मेव्हण्याचा दोष सोन्यावर कशाला? कार्ड झिरो झाल्या दिवशी कात्रीनं दोन तुकडे करायचे होते. ॲपमध्ये लिमिट कमी करता येतंय, यूपीआयमधनं कार्ड काढून टाकता येतंय, पाच मिनिटाचं काम. सवय मोडायची म्हणून वर्षाला 43 टक्क्यानं कुणी फी भरतंय काय?

निपाणीकर
हो, आणि लिमिट वाढवायला पण पाचच मिनिटं लागतात, ते विसरूलालास.

वडगावचा_माग
तुम्ही सगळे पगारदार लोक. आमच्या मागावर एक महिना काम, दुसऱ्या महिन्यात सूत महाग झालं की शटर अर्धं. बजेट कशाचं करायचं? मला कार्ड म्हणजे हातउसने मागायची लाज वाचवणारी गोष्ट आहे. दोन वर्षं वापरलं, प्रत्येक वेळी तारखेच्या आधी पूर्ण भरलं, एक रुपया व्याज नाही. कार्डाला शिव्या घालून काय उपयोग, आणि एक बाहेरचा चहा बंद करून माणूस शहाणा होत नाही, आमच्यात मागवाले दिवसाला सहा चहा पितात, मालक देतोय म्हणून.

खानापूर_पुणे
मागवाल्या दादांचं पूर्ण भरण्यापर्यंत ठीक आहे, पण एकदा का थकबाकी राहिली की ते 45-50 दिवस बिनव्याजी वगैरे सगळं बंद. हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं, मलाही नव्हतं. मागचं बाकी असताना नवीन काही घेतलं तर त्या दिवसापासूनच व्याज. म्हणजे फिटर दादा, तुमचा तो 20 रुपयांचा चहा आजही 43 टक्क्यांच्या उधारीवर चालू आहे. चहा सोडायची गरज नाही, कार्डावरचा चहा सोडा. खिशात 500 ची नोट मोडून ठेवा आणि आठवडाभर त्यातच भागवा.

दुसरं, सोनं नको असेल तर मधला रस्ता आहे. बँकेला फोन करून थकबाकी ईएमआयमध्ये बदलून मागा. मला 16 टक्क्यांनी दिली होती, वर प्रोसेसिंग फी. सोन्याएवढं स्वस्त नाही पण 43 पेक्षा निम्म्याहून खाली. आणि आधी मोठं कार्ड की छोटं, हा पण वाद आहे. व्याज जास्त ते आधी संपवणं हिशेबाला बरोबर, पण मी छोटं आधी संपवलं होतं, एक स्टेटमेंट कायमचं बंद झालं त्याचा आनंद मला लागत होता. त्यात चारेकशे रुपये जादा गेले असतील, गेले.

चिकोडी_एक्सप्रेस
सगळे सोडा. भरायचंच बंद करा. सहा महिने गप्प बसा, बँकच फोन करून निम्म्यात सेटलमेंट देतीय. आमच्या ओळखीच्यानं केलंय. सुप्रीम कोर्टात पण लोक गेलेत व्याजावरनं.

टिळकवाडी_हिशेब
@चिकोडी कोर्टाचं उलटं झालंय गा. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2008 मध्ये 30 टक्क्यांच्यावरचं व्याज म्हणजे अनुचित व्यापार असं म्हटलं होतं, सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2024 मध्ये तो निकालच रद्द केला. आणि निम्म्यात सेटलमेंट केलं की सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' शेरा पडतोय, 'क्लोज्ड' नाही. उद्या घराचं कर्ज मागायला गेलास की तो शेरा आधी दिसतोय.

चिकोडी_एक्सप्रेस
घर बांधतोय कोण इथं.

उद्यमबाग_फिटर
@चिकोडी गेल्या महिन्यात चार दिवस उशीर झाला तर फोन चालू झालेत. "रोक्क यावाग कट्टतीरी सर", पैसे कधी भरताय म्हणून, कन्नडमधनं सकाळी साडेसातला. पाळीवरनं येऊन झोपलेला माणूस. सहा महिने मला नाही झेपणार.

खानापूर_पुणे
साडेसातला करताच येत नाही. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कॉलची वेळ लिहून ठेवा, बँकेच्या तक्रार विभागाला लेखी मेल टाका.

शहापूरची_सून
मघापासून वाचूलालोय. फिटर भाऊ, तुमची यादी परत एकदा वाचा. भिशी कुणाची बंद? बायकोची. पार्लर कुणाचं? बायकोचं. मटण महिन्यातनं एकदा केलं तर ते पण तिनंच तुमच्या आईवडिलांना सांगायचं. आणि शिवजयंतीच्या चित्ररथाची वर्गणी? मंडळाचा टी-शर्ट? चोर्ला घाटातनं गोव्याला मित्रांबरोबर जाताय त्याचं पेट्रोल? ते यादीत कुठं दिसंना. आमच्या ह्यांनी पण अशीच यादी केली होती म्हणून ओळखलं.

भिशी हा खर्च नव्हेच. ती तिची बचत आहे, मध्येच सोडली तर बारा बायकांत तोंड जातंय आणि पुढच्या वेळी कोण घेत नाही. उलट तिचा नंबर या महिन्यात लागतोय का विचारा, बारा हजार हातात येतील ते छोट्या कार्डाला मारा.

तिसरं, सोनं. ठेवायचं का नाही यावर इथं वीस माणसं भांडूलालीत. ज्याचं आहे तिला विचारलं काय?

निपाणीकर
वहिनी बोलल्या ते बरोबर, पण सोनं बाईला विचारलं म्हणजे ती नको म्हणतीय होय? नवऱ्याचं तोंड बघून हो म्हणतीय. म्हणूनच विचारायचं नसतंय.

शहापूरची_सून
@निपाणीकर म्हणजे न विचारता ठेवायचं? का न विचारता तिनं आयुष्यभर काटकसर करायची? ह्या दोन्हीत तिचं तोंड बंदच की हो. तिला स्टेटमेंट दाखवा. आकडा दाखवा. मग हो म्हणू दे नाहीतर नाही म्हणू दे. आणि एक, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार तिच्या खात्यावर येतात ते कार्डाला वळवू नका, ते पण बघितलंय मी. बसचं मात्र खरं, बायकांना सरकारी बस फुकट, ती कामाला जात असेल तर आधार दाखवून जातीय, तुम्हीच गाडी घरी ठेवून सिटी बसनं जावा की आठ दिवस. तुम्हाला तिकीट पडेल, पण पेट्रोलएवढं नाही.

वडगावचा_माग
पुरुषांना पण फ्री करा म्हणावं, मग बघू पेट्रोल कोण घालतंय 😀

उद्यमबाग_फिटर
वर्गणी 1,100 लिहायची राहिली. मुद्दाम नव्हे. बरं, थोडं मुद्दाम. पेट्रोल पण.

काल रात्री तिला दोन्ही स्टेटमेंट दाखवली. मला वाटलं होतं रडेल, नाहीतर भांडेल. तिनं चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि विचारलं, हे 60 रुपये रोज कुणाचे? मी म्हटलं सिगारेट. पाच वर्षं सोडलीय म्हणून सांगितलं होतं. तेवढ्यावर अर्धा तास गेला, कर्ज बाजूलाच.

मग म्हणाली, पाटल्या नाही देणार, त्या आईच्या आहेत. गंठण देतो, पण तीन अटी. दोन्ही कार्डं तिच्या कपाटात. मोठ्या कार्डाचं लिमिट 20 हजारावर आणायचं, छोटं बंद करायचं. आणि वर्गणी 101. भिशी चालू राहणार, तिचा नंबर दिवाळीत आहे. गंठणावर 1 लाख 10 हजार मिळतील असं सराफ म्हणाला, ते सगळं मोठ्या कार्डाला जाईल, छोट्याचे 46 हजार मी चहा-मटणाच्या पैशातनं ओढतो, भिशी लागली की उरलेलं तिथं.

टिळकवाडी_हिशेब
चांगलं. एकच बघ, 46 हजारावरचं व्याज अजून 43 टक्क्यानंच पळूलालंय. दिवाळीपर्यंत थांबू नको, ते ईएमआयला टाक. आणि सोनं क्रेडिट सोसायटीत ठेवणार का बँकेत? दोन्हीकडचा दर विचार, आपल्याकडं सोसायट्यांत दोन-तीन टक्के जादा लागतात बरेचदा.

निपाणीकर
मी अजून म्हणतोय की लिमिट 20 हजार पण जास्तच आहे. 5 वर आण. सिगारेटवाल्याला 20 हजार म्हणजे लई झाले.

उद्यमबाग_फिटर
बायको पण 5 च म्हणूलाली होती, मी भांडून 20 केलं.

शहापूरची_सून
तारणाची पावती तिच्याकडंच ठेवा भाऊ. सोडवताना तीच लागतीय, आणि गंठण परत आलं की नाही ते तिला विचारायची वेळ येऊ देऊ नका.