मदत हवी आहे: मणक्याच्या दुखापतीनंतरचे पुनर्वसन

नमस्कार. माझा धाकटा भाऊ (वय २९) जानेवारीत तैलबैल्याच्या कातळभिंतीवर प्रस्तरारोहण करताना सुमारे २० फूट घसरून खालच्या कपारीवर आदळला. कमरेचा पहिला मणका (एल-१) फुटून त्याचे तुकडे मज्जारज्जूच्या टोकावर दाबले गेले होते. शस्त्रक्रियेत स्क्रू आणि सळ्या बसवून मणका स्थिर केला आहे. मज्जारज्जूची इजा अपूर्ण असल्यामुळे, म्हणजे मज्जारज्जू पूर्ण निकामी झालेला नसल्यामुळे, मांड्यांत थोडी ताकद परतली आहे, पण दोन्ही पावले अजून लुळी आहेत आणि वॉकर धरून तो जेमतेम १० पावले टाकतो.

चालण्याविषयी सगळेच विचारतात. आमची खरी अडचण मात्र लघवीची आहे, आणि तिच्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. दर ४ ते ६ तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामे करावे लागते, तरीही दोनदा संसर्ग होऊन त्याला थंडीताप आला. ज्यांनी हे स्वतः केले आहे त्यांनी प्रवासात आणि कामाच्या ठिकाणी स्वच्छता कशी सांभाळली, पाणी पिण्याच्या वेळा कशा बसवल्या, हे कृपया सांगावे.

तो पुन्हा चढाईसाठी दोर बांधण्याच्या गोष्टी करतो, त्यावर आई आणि मी तूर्त गप्प आहोत.

मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. तिथे पावलांसाठी कॅलिपर (आधार देणारी साधने) करून घेतल्याचा कोणाला अनुभव आहे का? आम्ही नाशिकला राहतो, म्हणून किती फेऱ्या झाल्या तेही कळवावे.