घरचं जेवण वनस्पतिजन्य करायचं, पण आधी काय सोडायचं?

आकडेमोड (धागाकर्ता)

घरातल्या सगळ्यांचा आहार एका दिवसात बदलत नाही, बदल टप्प्याटप्प्यानेच होतो. त्याबद्दल फारसा वाद नसावा. वाद टप्प्यांच्या क्रमाचा आहे. माझ्या मते, ताटातून एखादा पदार्थ काढण्याआधी त्याच्या जागी येणारा पदार्थ नीट शिजवता यायला हवा. आणि काढायचा क्रम आकड्यांवरून ठरवावा. बहुतेक घरं जे सोडायला सोपं तेच आधी सोडतात, आणि पर्यावरणाच्या हिशेबात त्याला फार अर्थ नसतो.

आकडे असे. २०१८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात पूर आणि नेमेचेक यांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र मांडली. त्यानुसार दर १०० ग्रॅम प्रथिनांमागे होणारं सरासरी उत्सर्जन, कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात: मांसासाठी पाळलेल्या गुरांचं मांस ५० किलो, शेळ्या-मेंढ्यांचं २०, चीज ११, डुकराचं ७.६, कोंबडीचं ५.७, अंडी ४.२, टोफू २, वाटाणे अर्ध्या किलोहून कमी.

यातला चीजचा आकडा पुन्हा वाचा. कोंबडी बंद केली आणि तिच्या जागी ताटात चीज वाढलं, तर तेवढ्याच प्रथिनांमागे उत्सर्जन जवळपास दुप्पट होतं. एक किलो चीजला साधारण दहा लिटर दूध लागतं, त्यात सगळं आलं.

म्हणून क्रम असा:

आधी चार ते सहा आठवडे काहीच काढायचं नाही, फक्त कडधान्यं वाढवायची. माणशी २५ ग्रॅम (कोरडं वजन), आठवड्यातून तीनदा. मग हळूहळू ५०-६० ग्रॅम, रोज. पोट फुगतं ते रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करांमुळे. त्या पचवणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या आतड्यात नसतं, मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या आंबवतात. ८ ते १२ तास भिजवून ते पाणी फेकून दिलं की त्यांचा बराच भाग निघून जातो. पहिल्याच आठवड्यात वाडगाभर वाढलं की घरातली निम्मी माणसं ‘आपल्याला हे सोसत नाही’ म्हणतात आणि प्रयोग तिथेच संपतो.

मग गुरांचं आणि शेळ्या-मेंढ्यांचं मांस, त्यानंतर चीज, मग बाकीचं मांस. अंडी आणि दूध शेवटी.

---

उलटतपासणी

आकडे मान्य, पद्धत अमान्य. ‘हळूहळू’मधला सर्वांत मोठा धोका उत्सर्जनाचा नाही, ब-१२ जीवनसत्त्वाचा आहे, आणि धाग्यात त्याचा उल्लेखही नाही.

एकदम बदलणारा माणूस निदान पहिल्याच दिवशी गोळी आणतो. हळूहळू बदलणाऱ्या घराला वाटत राहतं, ‘अजून थोडं दूध आहे की, अधूनमधून अंडं आहे की’. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे चूक लगेच कळत नाही. त्यात पालेभाज्या आणि कडधान्यांतून फोलेट (ब-९ जीवनसत्त्व) भरपूर मिळायला लागतं. भरपूर फोलेट असलं की ब-१२च्या कमतरतेतला रक्तक्षय झाकला जातो, नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं. हातापायांना मुंग्या येईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

प्रौढाची गरज रोज २.४ मायक्रोग्रॅम. मग गोळी एवढी मोठी का? कारण एका वेळी नेहमीच्या वाटेने दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषले जातात, उरलेल्यापैकी जेमतेम एक टक्का. म्हणून रोज १० मायक्रोग्रॅम, किंवा आठवड्यातून एकदा २००० मायक्रोग्रॅम. दोन हजाराचा एक टक्का २०, भागिले सात. हिशेब बसतो. स्पिरुलिना आणि समुद्रशैवालावर विसंबू नका. त्यात बहुतांशी ब-१२सारखं दिसणारं, पण शरीराला निरुपयोगी असं संयुग असतं.

तारीख ठरवा, त्या दिवशी बदला, गोळी सुरू करा.

---

आकडेमोड

गोळी पहिल्या टप्प्यापासूनच सुरू करावी, याला शंभर टक्के सहमत. पण त्यावरून ‘तारीख ठरवा’ कसं निघतं? तारीख ठरवून बदललेल्या घरात कडधान्य शिजवायचा सराव नसतो आणि तिसऱ्या आठवड्यात सगळे ब्रेड-बटाट्यावर येतात. ब्रेड-बटाटा वनस्पतिजन्यच आहे हो, पण ६० किलोच्या माणसाला रोज ४८ ग्रॅम प्रथिनं लागतात, ती त्यातून कशी आणणार?

---

चिमूटभर

सरावाचा विषय निघालाच आहे तर एक सूचना, वादापेक्षा महत्त्वाची. राजमा मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट शिजवू नका. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी लेक्टिन असतं. ते नष्ट व्हायला खळखळती उकळी लागते. ८० अंशांच्या आसपास रेंगाळलेला राजमा कच्च्यापेक्षाही घातक ठरू शकतो. निदान पाच तास भिजवा, पाणी फेका, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळा, मग हव्या त्या भांड्यात घाला. चूक झाली तर एक ते तीन तासांत उलट्या सुरू होतात.

दाणा शिजतच नाही अशी तक्रार असेल तर टोमॅटो, लिंबू वगैरे आंबट आधीच पडतंय का ते बघा. आंबटामुळे दाण्यातलं पेक्टिन, म्हणजे पेशींना चिकटवून ठेवणारा पदार्थ, विरघळत नाही. जड पाण्यातल्या कॅल्शियममुळेही तेच होतं.

---

दुधावरची साय

मला मूळ दिशाच पटत नाही. घरात लहान मुलं असतील तर अंडी आणि दूध ‘शेवटी’ नाही, काढूच नका. मुलाचं पोट लहान असतं. तंतुमय जेवणाने ते भरतं, उष्मांक मात्र पुरे पडत नाहीत. आणि ‘पालकात कॅल्शियम असतं’ हे वाक्य कृपा करून कुणी लिहू नका. पालकातल्या ऑक्झलेटमुळे त्यातलं जेमतेम पाच टक्के शोषलं जातं, दुधातलं तीस टक्क्यांच्या आसपास. वरच्याच अभ्यासात गाईच्या दुधाचं उत्सर्जन लिटरमागे ३.२ किलो आहे. मुलाच्या पेलाभर दुधाने पृथ्वी बुडत नाही.

---

उलटतपासणी

त्याच अभ्यासात सोयादूध लिटरमागे १ किलो आहे. लिटरमागे लागणारं पाणी बघा: गाईचं दूध ६२८ लिटर, सोया २८, ओट ४८, बदाम ३७१. बदामाचं दूध पाण्याच्या बाबतीत नावाजण्यासारखं नाही आणि त्यात प्रथिनंही नावालाच. मुलासाठी पर्याय एकच, कॅल्शियम आणि ब-१२ घातलेलं, बिनसाखरेचं सोयादूध. डबा जोरात हलवून ओता, कारण घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं आणि मूल वरचं पाणीच पितं. वर्षाखालच्या बाळाला यातलं काहीही मुख्य दूध म्हणून चालत नाही. त्याला आईचं दूध किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं बाळांचं दूध.

उष्मांकांचा मुद्दा मात्र खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे मुलाच्या ताटात तेल आणि शेंगदाण्यांचा लगदा वाढवणं, आणि काही कडधान्य सालं काढून देणं. अख्खे शेंगदाणे लहानग्यांना देऊ नयेत, घशात अडकतात.

---

गाळणी

घरी सोयादूध करणाऱ्यांसाठी. १०० ग्रॅम सोयाबीन ८ ते १२ तास भिजवा (उन्हाळ्यात फ्रिजमध्ये, नाहीतर आंबतं). निथळून ८०० मिलिलीटर उकळत्या पाण्यात वाटा. गार पाण्यात वाटलं की लिपॉक्सिजनेज हे विकर जागं राहतं आणि तो कच्चट वास येतो. मग कितीही वेलची घाला, जात नाही. गाळून तापवा. खरी उकळी येण्याआधीच फेस उसळून वर येतो, त्याला फसून गॅस बंद करू नका. आच कमी करा, खरी उकळी येऊ द्या आणि पुढे १०-१५ मिनिटं ढवळत ठेवा. सोयाबीनमधला ट्रिप्सिन-रोधक तेव्हा कमी होतो. तो राहिला तर प्रथिनं नीट पचत नाहीत.

आता ‘दुधावरची साय’ यांच्या बाजूने बोलतो: या घरच्या दुधात कॅल्शियम फारसं नसतं. गाईच्या दुधात १०० मिलिलीटरला साधारण १२० मिलिग्रॅम, यात जेमतेम त्याचा पाचवा हिस्सा. टोफू करणार असाल तर लिंबाऐवजी खाण्याच्या दर्जाचं कॅल्शियम सल्फेट वापरा (बांधकामाचं जिप्सम नव्हे!). वरच्या मापाला २-३ ग्रॅम, थोड्या पाण्यात कालवून. दूध ७५-८० अंशांवर असताना ओता, दोनदा अलगद फिरवा आणि हात काढून घ्या. सतत ढवळलं तर भुगा होतो, फार गरम असलं तर रबर.

---

तिरकस

सगळे ताटात काय आहे यावर भांडताय, कचऱ्याच्या डब्यात काय जातं ते कुणी बघत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालानुसार, २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं सुमारे ६० टक्के घरांतून. ताज्या भाज्यांकडे वळलेल्या घरात नासाडी वाढण्याची शक्यता जास्त, कारण पालेभाजी तीन दिवसांत माना टाकते. आठवड्याची भाजी एकदम आणू नका, आणि शिजवलेलं कडधान्य दोन वेळांच्या मापाने वेगवेगळं गोठवा.

---

आकडेमोड

नासाडीचं मान्य, पण ते आहारबदलाऐवजी नव्हे, त्याच्या जोडीला. अन्न लांबून येतं म्हणून ओरडणाऱ्यांसाठीही एक आकडा: अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा ‘सायन्स’मधल्या त्या अभ्यासात सुमारे ६ टक्के होता. विमानाने आलेली नाजूक फळं वगळता, काय खातो हे कुठून आलं यापेक्षा जास्त मोजलं जातं.

लोहाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून: जेवणाबरोबर चहा-कॉफी नको, तासाभराचं अंतर ठेवा, कडधान्यावर लिंबू पिळा. आयोडीनयुक्त मीठ सोडू नका. दूध गेलं की आयोडीनचा एक स्रोतही जातो.

---

दुधावरची साय

लोह, आयोडीन, ब-१२, कॅल्शियम. यादी तुम्हीच वाढवत चालला आहात. एवढं सगळं सांभाळणारं माणूस घरात एकच असतं, आणि स्वयंपाकही तेच करतं. गुरांचं मांस बंद, चीज कमी, कडधान्य रोज, दूध-अंडी माफक, इथे थांबलं तर तुमच्याच आकड्यांनुसार मोठा हिस्सा पदरात पडतो. पुढच्या टप्प्याचं वजन कोण उचलणार, ते त्या माणसाला विचारून ठरवा.

---

उलटतपासणी

गोळी आठवड्यातून एकदा, मीठ आहे तेच, डबा हलवायला पाच सेकंद. यात वजन कसलं? खरं काम सोयाबीन वाटण्याचं आहे, आणि ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं.