नदीला सजीव मानणारी आजची कला आणि आपली कृष्णामाई

हरिपूरकर : नदीला सजीव व्यक्ती मानणारी चित्रे आणि मांडणशिल्पे हल्ली बरीच पाहण्यात येतात. आपण तर कृष्णेला पिढ्यान्‌पिढ्या माई म्हणतो आणि वाईत कृष्णाबाईचा उत्सव घाटोघाटी होतो. मग या कलेने वेगळे काय केले? सांगलीच्या घाटावर असे प्रदर्शन भरवायचे झाल्यास त्यात काय असावे, यावर जाणकारांनी लिहावे.

माहुलीचा वाचक : उत्सवात मूर्ती मांडवात बसते आणि सगळे लक्ष तिच्याकडे जाते, हे कलावंत थेट पाण्याकडे वळले आहेत. अतुल भल्ला यांनी २००७ मध्ये दिल्लीत यमुनेच्या काठाने पायी चालत छायाचित्रमालिका केली, तर विभा गल्होत्रा यमुनेतला गाळच चित्रांत वापरतात, त्यामुळे त्या चित्रांतला काळेपणा नदीनेच पुरवलेला असतो. २०२२ च्या सिडनी बिएनालेत, म्हणजे तिथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, नद्यांनाच सहभागींचे स्थान दिले होते आणि त्यांच्या वतीने काठची माणसे चित्रफितींतून बोलत होती. (मला हे जरा नाटकी वाटते, नदीच्या नावाने अखेर माणूसच बोलतो.)

कराडचा वकील : नाटकी असेल, पण नदीच्या वतीने बोलायचे कोणी, हा प्रश्न कायद्यालाही सुटलेला नाही. न्यूझीलंडने २०१७ मध्ये व्हांगानुई नदीला कायद्याने व्यक्ती ठरवताना तिचे दोन प्रतिनिधी नेमण्याची तरतूद केली, एक सरकारच्या आणि एक माओरी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या बाजूने. त्याच वर्षी उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला सजीव व्यक्तीचा दर्जा दिला, तेव्हा पुरात माणसे दगावल्यास भरपाई कोणाकडे मागायची, अशी शंका घेऊन राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्या निकालाला स्थगिती मिळाली. सांगलीत ही शंका पुस्तकी नाही. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. नदी सजीव मानायची, तर तिला ऐसपैस पसरण्याचा हक्कही द्यावा लागतो, आणि पूररेषेच्या आत बांधकामे करणाऱ्या आपल्याला तोच नको असतो. सोज्वळ माईची चित्रे पुष्कळ झाली. तुमच्या प्रदर्शनात घरांच्या भिंतींवर उरलेल्या पाण्याच्या खुणा आणि पुराने आणलेला गाळ यांना पहिली जागा द्यावी.

हरिपूरकर : गाळाची सूचना पटली. त्याच्या शेजारी सांडपाणी वाहून आणणाऱ्या नाल्यांचे पाणीही काचेच्या बरण्यांत ठेवावे, असे वाटते. मात्र प्रदर्शन पावसाळ्याआधी उरकावे लागेल, कारण घाटावरची जागा त्यानंतर आपल्या हाती नसते.