विषय: [मंडळ-यादी] शाळेच्या रविवारी पैशाच्या गप्पा ठेवायच्या का?

प्रेषक: कार्यवाह

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

पाडव्याचा कार्यक्रम छान झाला. हिशेब खजिनदार वेगळा पाठवतील. (श्रीखंड उरलं नाही, याची नोंद घ्यावी. गेल्या वर्षी तीन डबे उरले होते.)

आता कामाचं. आपली मराठी शाळा भरते त्याच रस्त्यावरच्या क्रेडिट युनियनमधल्या बाई भेटल्या होत्या. एप्रिल हा इथे अमेरिकेत आर्थिक साक्षरतेचा महिना. एखाद्या रविवारी मोठ्यांशी दीड तास बोलू आणि आठवीच्या पुढच्या मुलांसाठी पगार-खर्चाचा खेळ म्हणजे ‘रिअ‍ॅलिटी फेअर’ घेऊ, असं त्या म्हणतात. पैसे घेणार नाहीत.

मला हो म्हणावंसं वाटतंय. कार्यवाह झाल्यापासून मला येणारे निम्मे फोन नाटकाच्या तिकिटांसाठी असतात. उरलेल्यांतले बरेच पैशाचे, आणि तेही दबक्या आवाजात. नुकत्याच आलेल्या एकाने गाडीचं कर्ज १९ टक्क्यांनी घेतलंय. एका काकूंनी तर बाथरूममधून फोन केला: काका निवृत्त झाले, पण खाती कुठे आणि किती, हे काकूंना ठाऊक नाही आणि विचारायची सोय नाही. आपण घर केवढ्याला घेतलं ते चारचौघांत सांगतो, कर्जाचं नाव काढत नाही.

रविवारपर्यंत मतं कळवा. ‘+१’ एवढंच लिहून पाठवू नका, इनबॉक्स भरतो.

प्रेषक: मागच्या रांगेतला सभासद

कार्यवाहताई,

माझा विरोध आहे, आणि तो यादीवरच नोंदवतो.

मागे एकदा आपण ‘निवृत्तीचं नियोजन’ ऐकायला बसलो होतो. विसाव्या मिनिटाला विम्याचे फॉर्म फिरायला लागले. माझे सासरे इथे सहा महिन्यांसाठी आलेले, त्यांच्याही हातात एक कार्ड दिलं. मोफत मार्गदर्शन म्हटलं की मी आता आधी दार कुठे आहे ते बघून ठेवतो.

दुसरं जरा घरातलं आहे. क्रेडिट युनियन म्हणजे आपली पतपेढीच ना? वडिलांनी शिक्षकाच्या नोकरीचा फंड गावातल्या पतसंस्थेत ठेवला होता. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त, चेअरमन ओळखीचे, गणपतीला वर्गणी सर्वांत मोठी त्यांचीच. एका सोमवारी शटर खाली आलं ते कायमचं. वडील गेले. पासबुक अजून कपाटात आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबरबँड लावून. आई ते टाकू देत नाही. सहकार या शब्दाबद्दल मला व्याख्यान नको आहे.

प्रेषक: आप्पा

तुझं पत्र दोनदा वाचलं. व्याख्यान देत नाही, पण तू विचारलंयस म्हणून लिहितो.

हो, ही पतपेढीच. खातेदार तोच मालक. खात्यात पाच डॉलर असोत की पन्नास हजार, मत एकच. संचालक सभासदांनी निवडायचे, आणि ते बहुतेक बिनपगारी. नफा उरला तर तो ठेवीवर जास्त व्याज किंवा कर्जावर कमी व्याज असा सभासदांकडेच फिरतो.

तुझ्या वडिलांच्या आणि इथल्या संस्थेतला फरक विम्याचा आहे. इथे एनसीयूए नावाचं केंद्र सरकारचं खातं आहे. त्याच्या फंडातून प्रत्येक सभासदाच्या २,५०,००० डॉलरपर्यंतच्या ठेवीला संरक्षण मिळतं. आपल्याकडे सहकारी बँकेतल्या ठेवीला विमा आहे, २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. पाटीवर ‘सहकारी’ दोन्हीकडे असतं, आणि फंडाचा चेक घेऊन आलेला मास्तर तेवढंच वाचतो. म्हणून इथेही आत शिरताना दारावर एनसीयूएची पट्टी आहे का ते बघ. आणि आतच एका टेबलावर म्युच्युअल फंड विकणारा बसलेला असेल, तर त्याच्याकडे घातलेल्या पैशाला हा विमा नाही. हे दोन्ही बाईंनी पहिल्या दहा मिनिटांत सांगायला हवं. नाही सांगितलं तर मी उठून विचारीन.

आता थोडं विषयांतर. म्हाताऱ्याला तेवढं माफ.

देशातली पहिली क्रेडिट युनियन आपल्या शेजारीच, न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावात निघाली, १९०८ साली. सेंट मेरीज तिचं नाव. सभासद कोण, तर कापडगिरण्यांत राबणारे, कॅनडातल्या क्वेबेकहून आलेले फ्रेंच बोलणारे मजूर. चर्चच्या पाद्रीबाबांनी मनावर घेतलं आणि मदतीला क्वेबेकहून अल्फॉन्स देजार्दां आले. हे गृहस्थ कॅनडाच्या संसदेत लघुलेखक. सावकारी व्याजावरची भाषणं टिपून घेता घेता ते स्वतःच पेटले, आणि १९०० साली त्यांनी क्वेबेकमधल्या लेव्ही गावात पतपेढी काढली. सेंट मेरीजचा कारभारही सुरुवातीला एका वकिलाच्या घरातून चाले. ते घर आता संग्रहालय आहे. लालबाग-परळमध्ये वाढलेल्याला ही गोष्ट परकी वाटू नये.

दुसरा माणूस बॉस्टनचा, एडवर्ड फायलीन. माझ्या वयाच्यांना नाव आठवेल, कारण अमेरिकेतला पहिला कोट आम्ही त्याच्या फायलीन्स दुकानाच्या तळघरातल्या स्वस्त मालातून घेतला. हा दुकानदार १९०७ साली हिंदुस्थानात फिरत होता आणि तिथे त्याने खेड्यातल्या सहकारी पतसंस्था पाहिल्या. त्या १९०४ च्या कायद्याने निघालेल्या. त्या कायद्यामागे जी वर्षं आहेत, त्यात १८७५ चं सुपं आहे. पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून गहाणखतं काढून जाळली होती. पुढे न्यायमूर्ती रानडे आणि ब्रिटिश अधिकारी वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली, ती सरकारदरबारी बारगळली. फायलीन परत आला आणि १९०९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये क्रेडिट युनियनचा कायदा झाला. तो घडवण्यात देजार्दां आणि राज्याचे बँक आयुक्त पिएर जे यांचाही मोठा हात होता, सगळं श्रेय सुप्याला देण्याइतका मी पुणेकर नाही. पण धागा आहे.

प्रेषक: तोच तो १९ टक्केवाला

कार्यवाहताईंनी नाव घेतलं नाही, पण तो मीच. आता लपवून काय करू?

गेल्या वर्षी जानेवारीत आलो. बर्फ, बस नाही, ऑफिस बारा मैलांवर. गाडी विकणाऱ्याने क्रेडिट स्कोअर पाहिला, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याचा आकडा. स्कोअरच नव्हता! पुण्यात दहा वर्षं एकही हप्ता चुकवला नाही, ते इथे कुणाला दिसतच नाही. १८,००० डॉलर, १९ टक्के, ६० महिने. हप्ता ४६७. मी फक्त हप्ता बघितला आणि सही केली. घरी येऊन गुणाकार केला: २८,००० च्या वर. बायकोला आठवडाभर सांगितलं नाही.

ऑफिसातल्या एकाच्या सांगण्यावरून क्रेडिट युनियनमध्ये गेलो. तिथल्या मुलीने माझा करारनामा उलटा फिरवला, माझ्याकडे केला आणि एका ओळीवर पेनने गोल काढला: एकूण व्याज. ती ओळ पहिल्या दिवसापासून कागदावर होती. मग तिने सांगितलं की फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या परवान्याच्या, क्रेडिट युनियनला, अडीअडचणीची छोटी कर्जं सोडली, तर १८ टक्क्यांच्या वर व्याज लावताच येत नाही. मी हसलो, दुसरं काय करणार.

५ डॉलर भरून सभासद झालो. ५०० डॉलर बचतखात्यात अडकवून त्यावरच ५०० चं कर्ज घेतलं, म्हणजे माझेच पैसे मी दर महिन्याला फेडत होतो. वेडेपणा वाटतो, पण नोंद त्यानेच तयार होते. गाडीचे आठ हप्ते झाल्यावर ते कर्ज त्यांनी ८ टक्क्यांनी आपल्याकडे घेतलं. हप्ता ३७६. गाडी तीच, मुदत तीच, बर्फही तोच.

बायको एच-४ वर, म्हणजे माझ्यामुळे मिळालेल्या जोडीदाराच्या व्हिसावर आहे, सोशल सिक्युरिटी नंबर नाही. आयटीआयएनवर (असा नंबर नसलेल्यांना करखातं देतं तो क्रमांक) तिचंही खातं झालं. सगळ्याच क्रेडिट युनियन करत नाहीत, विचारून जा.

आप्पा, सुप्याचं माहीत नव्हतं. माझं आजोळ तिथून वीस मैलांवर.

प्रेषक: मराठी शाळेतली ताई

मोठ्यांचं तुम्ही ठरवा. मुलांचा कार्यक्रम मात्र कृपा करून मोडू नका.

माझ्या मुलीच्या हायस्कूलमध्ये झाला होता. प्रत्येकाला एक नोकरी आणि महिन्याचा पगार देतात, कर कापून. मग हॉलभर टेबलं: घर, गाडी, किराणा, फोन, कपडे, फर्निचर. प्रत्येक टेबलावर खर्च करून शेवटी हिशेब जुळवायचा. माझी लेक दातांच्या दवाखान्यात सहायक झाली. पहिल्याच टेबलावर तिने एकटीसाठी दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेतलं, दुसऱ्यावर नवी गाडी, आणि किराण्याच्या टेबलाशी पोचेपर्यंत हातात ६० डॉलर. कोपऱ्यात एक नशिबाचं चाक असतं. ते फिरवल्यावर दाताचं रूट कनाल निघालं. दातांच्याच दवाखान्यातली!

शेवटी क्रेडिट युनियनचे लोक समुपदेशनाच्या टेबलाशी बसतात. तिथून तिला परत पाठवलं: रूममेट शोध, गाडी जुनी घे. संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन तिने विचारलं, “आई, आपला महिन्याचा किराणा किती होतो?” सोळा वर्षांत पहिल्यांदा. मला आकडा सांगता आला नाही, हे जास्त लागलं.

प्रेषक: मागच्या रांगेतला सभासद

आप्पा, आभार. एनसीयूएची पट्टी बघून आलो. आहे.

विरोध मागे, पण अटी: फॉर्म नकोत, सह्या नकोत, ‘नाव-नंबर लिहा’ची वही नको. ज्याला खातं उघडायचं त्याने सोमवारी स्वतः जावं.

एक प्रश्न. गावच्या बँकेत आईच्या खात्यावर माझंही नाव आहे. पैसे तिचे, मी हातही लावत नाही. इथे कळवावं लागतं का?

प्रेषक: खजिनदार

हो. परदेशातल्या ज्या ज्या खात्यांवर तुमचं नाव किंवा सहीचा अधिकार आहे, त्या सगळ्यांची मिळून रक्कम वर्षात एक दिवसही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खाती सरकारला कळवायचा फॉर्म, भरावा लागतो. पैसे कुणाचे, हा प्रश्नच नाही. त्यावर कर नसतो, पण न भरल्याचा दंड मोठा असतो. हे क्रेडिट युनियनच्या बाईंना विचारू नका, ते त्यांचं काम नव्हे. भारतातल्या खात्यांची माहिती असलेल्या सीपीएकडे, म्हणजे इथल्या सीएकडे जा.

पाडव्याचा हिशेब उद्या पाठवतो. श्रीखंडाचं बिल सापडत नाहीये.

प्रेषक: कार्यवाह

ठरलं तर. एप्रिलचा शेवटचा रविवार, शाळा सुटल्यावर. सगळ्या अटी बाईंना कळवल्या, त्यांनी लगेच मान्य केल्या. आप्पा पहिल्या रांगेत बसतील आणि विम्याचं विचारतील, हेही सांगून ठेवलंय.

मुलांची टेबलं आठ. किराण्याच्या टेबलावर शाळेतली ताई. गाड्यांच्या टेबलावर १९ टक्केवाले स्वतःहून बसतो म्हणालेत, करारनाम्याची प्रत घेऊन. मागच्या रांगेतल्यांना मी दाराशी बसवतेय, कार्ड वाटताना कुणी दिसलं तर बघून घ्या.

क्रेडिट युनियनचं नशिबाचं चाक दुसऱ्या शाळेत गेलंय, त्यामुळे ते आपल्यालाच करायचंय. दोन फुटी प्लायवूड आणि जुन्या सायकलची बेअरिंग कुणाच्या गॅरेजमध्ये पडली असेल, तर कळवा.